साखर १२० वर आली, मग जीव का घाबरतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेर तालुक्यात माझं मेडिकल आहे. काउंटरवर आठवड्यातून तीन-चार जण तरी एकच तक्रार घेऊन येतात. साखर तीनशे होती तेव्हा काही होत नव्हतं, गोळ्या सुरू झाल्या, रिपोर्ट चांगला आला आणि आता हातपाय कापतात. परवाच एक जिभाऊ म्हणाले, "भाऊ, साखर तं उतरनी, पन जीव घाबरा व्हई राह्यना."

हे पान अशा टाइप टू डायबेटिसवाल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, यातलं बरंचसं भोगलंय, त्यामुळे काही उत्तरं दुकानातली आहेत आणि काही घरच्या ओट्यावरची. गोळीचा डोस मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील. मी गोळ्या विकतो, लिहून देत नाही.

साखर ३०० होती तेव्हा ठणठणीत होतो. १२० झाल्यावर थरथर का?

भुसावळचा माणूस मे महिन्यात तोरणमाळला गेला की संध्याकाळी शाल मागतो. तिथे काही बर्फ पडत नाही, पण ४४-४५ डिग्रीत मुरलेल्या अंगाला पंचवीसही गार लागतात. साखरेचंही तसंच आहे.

रक्तातली साखर घसरू लागली की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. ॲड्रिनलिनसारखी हार्मोन्स सुटतात, छातीत धडधडतं, हात कापतात, घाम येतो, भूक खवळते. निरोगी माणसात ही घंटा साधारण ७० च्या खाली वाजते. पण वर्षानुवर्षं २५०-३०० मध्ये राहिलेल्या शरीराने तेवढी साखर म्हणजेच नेहमीची साखर असं धरलेलं असतं. त्याची घंटा वर सरकलेली असते, म्हणून ती १३० ला, ११० ला, कधी ९५ लाही वाजते. शिवाय साखर फार वेगाने उतरली, समजा दुपारी ३१० आणि दोन तासांत १६०, तरी काहींना असंच कापरं भरतं.

म्हणजे हे मनाचे खेळ आहेत?

नाहीत. घरातल्या लोकांनी हे वाक्य तर अजिबात बोलू नये. घाम खरा असतो, धडधड खरी असते. चुकीचा असतो तो फक्त घंटेचा आकडा. डॉक्टर याला 'फॉल्स हायपो' किंवा 'रिलेटिव्ह हायपोग्लायसेमिया' म्हणतात. हायपो म्हणजे साखर कमी होणं. खोटा हायपो हा शब्द मला पटत नाही, कारण ऐकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच खोटं ठरवलं.

मग खऱ्या अर्थाने साखर कमी झाली, असं कधी म्हणायचं?

मीटरवर ७० च्या खाली आकडा आला की ती कमी साखर. ५४ च्या खाली गेली तर प्रकरण गंभीर, कारण तिथे मेंदूलाच इंधन पुरत नाही. माणूस बरळतो, चिडतो, दारू प्यायल्यासारखा झुलतो. आणि दुसऱ्याच्या मदतीशिवाय सावरताच येत नसेल, तर आकडा काहीही असो, तो सगळ्यात गंभीर प्रकार.

दोन्हींची लक्षणं सारखीच. ओळखायचं कसं?

लक्षणांवरून ओळखता येत नाही, बोट टोचूनच कळतं. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आमच्याकडे दीड महिना काय चाललं होतं ते सांगतो. आप्पांचा एचबीए१सी ११.६ निघाला होता, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर २८५ च्या आसपास. गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं, साखर भराभर खाली आली. रोज सकाळी अकराच्या सुमाराला ते ओट्यावरून हाक मारायचे, "लो झाली रे." आई धावत जाऊन चार चमचे साखरेचा चहा करायची. पंधरा मिनिटांत आप्पा खुशीत. दुकानात दोनशे मीटर विकणारा मी, पण घरात एकदाही आधी मोजलं नाही. शेवटी एकदा चहा ओतायच्या आधी बोट टोचलं, आकडा आला १३४. दीड महिना आम्ही १३४ ला साखर पाजत होतो आणि संध्याकाळी २६० दिसली की गोळीला शिव्या देत होतो.

मोजायच्या आधी साबणाने हात धुवा आणि कोरडे करा. जळगाव जिल्ह्यात तर हे जास्तच पाळायला हवं. केळं सोललेल्या बोटावर फळाची साखर राहते, ती रक्ताच्या थेंबात मिसळते आणि मीटर साखर वाढवून दाखवतं. खरी साखर ६० असताना मीटर १४० दाखवेल आणि तुम्ही निवांत बसाल. नुसतं पाणी असलं तरी चालेल, पण बोट धुतलेलं हवं. पहिला थेंब पुसून दुसरा घेतला तर आणखी बरं.

मीटर जवळ नसेल तर मात्र वाद घालत बसू नका. ती खरी कमी साखर समजा आणि साखर खा. एक वेळ उगाच साखर खाल्ली तर आकडा थोडा वाढेल, पण खरी कमी असताना वाट बघितली तर जिवावर बेतेल.

मोजली, ११८ आली, पण कापरं थांबत नाही. काय करू?

साखर, गूळ, पेढा, सरबत नको. बसा, एक पेलाभर पाणी प्या. जेवून तीन-चार तास झाले असतील तर मूठभर फुटाणे, थोडे शेंगदाणे किंवा वाटीभर बिनसाखरेचं ताक घ्या. पोटाला आधार मिळतो आणि आकडा उसळत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. गोळी किंवा इन्सुलिनचा जोर चालू असेल तर ११८ वरून साखर अजून खाली जात असू शकते, म्हणून दुसरा आकडा महत्त्वाचा. ११८ नंतर ११४ असेल तर ही फक्त सवयीची घंटा. ११८ नंतर ८२ असेल तर घसरण चालू आहे. तेव्हा जेवणाची वेळ पुढे ढकलू नका, लगेच जेवून घ्या.

प्रत्येक वेळी गोड खाऊन थरथर थांबवली तर शरीराला नवी पातळी कधी पाठच होत नाही. आमच्या आप्पांचं नेमकं तेच झालं होतं.

आणि ६२ आली तर?

तेव्हा मात्र एक क्षण दवडू नका. तीन चमचे साखर किंवा साधी ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून प्या, साधारण १५ ग्रॅम होते. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. वर आली आणि जेवायला तासभराहून जास्त वेळ असेल तर अर्धी भाकरी-वरण किंवा दूध-पोहे असं काही खा, नाहीतर साखर पुन्हा घसरते.

यात एक खाच आहे. तुमच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा ॲकार्बोज लिहिलेलं असेल तर घरातली साखर लवकर काम करत नाही. ही औषधं आतड्यात साखर फोडण्याचं कामच रोखून धरतात. अशांनी ग्लुकोजच घ्यायचं. आपल्याकडे ग्लिमेपिराईड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशा तिन्ही औषधांची एकत्र गोळी घेणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना त्या गोळीत तीन औषधं आहेत हेच ठाऊक नसतं. आज घरी गेल्यावर पाकीट उलटं करून वाचा.

पेढा किंवा केळं चालणार नाही का? गोडच आहे ना?

पेढ्यात, चॉकलेटात स्निग्धांश असतो, त्यामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. केळ्याचंही थोडं तसंच. हाताशी दुसरं काही नसेल तर खा, उपाशी राहू नका. पण खिशात ठेवायची वस्तू म्हणून ग्लुकोजची पुडी बरी. ती उन्हात वितळत नाही आणि नातवंडं पळवत नाहीत.

माणूस बेशुद्ध पडला तर तोंडात साखर घालायची का?

नाही! पाणी नाही, साखर नाही, कांदा हुंगवणं नाही. गिळता येत नसलेल्याच्या तोंडात काही घातलं तर ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज देतील. ग्लिमेपिराईड, ग्लिबेनक्लामाईड अशा गोळ्यांमुळे साखर उतरली असेल तर शुद्धीवर आल्याबरोबर घरी नेण्याची घाई करू नका. या गोळ्यांचा अंमल लांबतो, साखर काही तासांनी पुन्हा पडते. वय झालेल्यांत आणि किडनी कमजोर असलेल्यांत तर चोवीस तासांनंतरही.

माझ्या गोळीने साखर खरंच इतकी खाली जाऊ शकते का?

ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड, ग्लिबेनक्लामाईड या गोळ्या आणि इन्सुलिन, यांनी जाऊ शकते. ही औषधं तुम्ही जेवलात की नाही ते विचारत नाहीत, आपलं काम करतात. नुसती मेटफॉर्मिन, किंवा व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन यांपैकी काही एकट्याने चालू असेल तर ७० च्या खाली जाण्याची शक्यता फार कमी. म्हणजे फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसाला थरथर झाली तर बहुतेकदा ती सवयीची घंटाच असते. तरी एकदा मोजाच.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथी, गुडमार यांपैकी काही सोबत घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. लाजू नका. डॉक्टरांना गोळीचा हिशेब माहीत असतो, पेल्याचा नसतो.

हे किती दिवस चालणार?

साखर नव्या पातळीवर बऱ्यापैकी स्थिर झाली की बहुतेकांना काही आठवडे लागतात. कुणाचं दोन-तीन आठवड्यांत भागतं, फार वर्षं चढलेली असेल तर दोन महिनेही जातात. पण त्यासाठी साखर स्थिर राहायला हवी. आज ११०, उद्या लग्नाच्या पंगतीत २९०, परवा उपास करून ९०, असं चाललं तर शरीराने कोणती पातळी घरची मानायची?

त्रास फारच होत असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा की थोडं हळू उतरवता येईल का. बरेच डॉक्टर आधी १८०-२०० वर थांबतात, महिन्याभराने पुढची पायरी घेतात. मनाने गोळी अर्धी करणं आणि डॉक्टरांना सांगून हळू जाणं यात फरक आहे. पहिल्या प्रकारात पुढच्या भेटीत डॉक्टर वाढलेली साखर बघून डोस वाढवतात, तुम्ही तो घरी येऊन पुन्हा अर्धा करता आणि दोघंही एकमेकांना फसवत बसता.

साखर सुधारली आणि दिसायला धूसर झालं. उलटंच नाही का हे?

उलटं वाटतं खरं. साखर चढलेली असताना डोळ्यातल्या भिंगातलं पाण्याचं प्रमाण बदललेलं असतं आणि तुम्हाला त्याच डोळ्याचा चष्मा लागलेला असतो. साखर उतरली की भिंग पूर्वपदावर येतं आणि जुना नंबर जुळेनासा होतो. लगेच नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातात. साखर स्थिर झाल्यावर महिना-दीड महिना थांबून नंबर काढा. आप्पांनी पहिल्याच आठवड्यात नवा चष्मा केला, तो आता देवघरात पोथीजवळ पडून आहे.

दुसरी बाजू मात्र टाळू नका. फार वर्षांची, फार चढलेली साखर एकदम उतरवली तर आधीपासून असलेला पडद्याचा आजार काही जणांत सुरुवातीला वाढतो. म्हणून औषध जोरात सुरू होण्याआधी किंवा लगेचच बाहुल्या मोठ्या करून डोळ्याचा पडदा तपासून घ्या. काळे ठिपके तरंगताना दिसले, पडदा ओढल्यासारखं झालं किंवा एका डोळ्याने दिसणं कमी झालं तर महिनाभर थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं.

तळपायांची आग वाढली. आधी एवढी नव्हती.

हेही काहींना होतं. एचबीए१सी तीन महिन्यांत दोन टक्क्यांहून जास्त खाली आला तर नसा कधी कधी अशा चवताळतात. बहुतेकदा काही महिन्यांत आग कमी होते, तोवर डॉक्टर त्यावर औषध देतात. शिवाय मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी पडतं, त्यानेही मुंग्या येतात, ते एकदा तपासून घ्या. आणि पाय गार वाटावेत म्हणून अनवाणी ओल्या वावरात फिरू नका. बधिर पायाला काटा लागलेला कळत नाही.

भूक सारखी लागते आणि वजनही वाढलं. गोळी बंद करू?

साखर २५०-३०० असताना जेवणातला बराच भाग लघवीवाटे वाया जात होता. आता तो अंगी लागतोय. वजन दोन-तीन किलो वाढणं यात विशेष नाही. खरी गडबड ही की लो होण्याच्या भीतीने माणूस दर दोन तासांनी बिस्किटं खातो. गोळी बंद करू नका, बिस्किटाचा पुडा बंद करा.

जेवणात काय बदलू? भाकरी तर सोडवत नाही.

सोडायला कुणी सांगितलं? मोजून खा. दादर ज्वारीची भाकरी असली तरी ती पिष्टमयच, पण मैद्याच्या पावापेक्षा शंभर पटींनी बरी. कळण्याची भाकरी त्याहून बरी, ज्वारीत उडीद असतो, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. भरीत तर आपल्या साखरेचं मित्रच म्हणा. गोम आहे ती सोबतच्या पुऱ्यांत. वरण-बट्टीच्या दिवशी बट्टी दोन, वरण भरपूर, आणि तुपाची धार वाढणाऱ्याने सांभाळून सोडायची. शेवभाजीतली शेव बेसनाची, पण तिच्या रश्श्यावरच्या तर्रीचा हिशेब वेगळा, तो हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

सवय लागेपर्यंत सगळ्यात उपयोगी काय, तर जेवणाच्या वेळा. सकाळचा चहा रिकाम्या पोटी आणि थेट दीडला जेवण, हा आपला शेतावरचा शिरस्ता. त्या मधल्या चार-पाच तासांतच घंटा वाजते. नऊच्या आत अर्धी भाकरी आणि उसळ पोटात गेली तर अकराची थरथर निम्म्याने कमी होते. आप्पांची तशी झाली.

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं काय, हा प्रश्न एप्रिल उजाडला की येतो. झोका बांधलाय, खापरावरची पुरणपोळी आहे, रसाचं पातेलं आहे. खायचं असेल तर एक पोळी, अर्धी वाटी रस, भात नाही. पण त्या दिवशी 'जास्त खाल्लंय, एक गोळी जास्त घेतो' हे मुळीच नको. दर आखाजीला माझ्याकडे कुणी ना कुणी हे सांगत येतं. रस दोन तासांत उतरतो, जादा गोळी रात्रभर बोलत राहते.

रात्रीच्या लाईटीवर पाणी भरायला जावं लागतं. त्याचं काय?

लाईट रात्री बाराला येते, माणूस आठला गोळी-इन्सुलिन घेऊन थोडंसं खाऊन निघतो आणि पहाटे चारपर्यंत बारे देत चिखलात चालतो. कष्टाने साखर अजून उतरते आणि वावरात बघायला कुणी नसतं. इथली साखर बहुधा खरीच कमी झालेली असते, सवयीची समजून दुर्लक्ष करू नका. निघण्याआधी मोजा. शंभरच्या आत असेल तर आधी खा. खिशात ग्लुकोज, बॅटरीच्या पिशवीत भाकरी, आणि शेजारच्या वावरातल्या माणसाला सांगून ठेवा की मी बडबडायला लागलो तर मला साखर पाज. रात्रपाळीचं वेळापत्रक डॉक्टरांनाही सांगा, बऱ्याचदा गोळीची वेळ बदलता येते.

एकादशी, श्रावण, कानबाईचा उपास, चैत्रातली गडाची पायी वारी. करावं का?

नुसती मेटफॉर्मिन चालू असेल आणि तब्येत ठीक असेल तर डॉक्टरांना विचारून बरेच जण एक दिवसाचा उपास निभावतात. ग्लिमेपिराईड किंवा इन्सुलिनवर असाल तर नेहमीचा डोस घेऊन निरंकार राहणं म्हणजे लो होण्याला आमंत्रण. साबुदाण्याचा गोंधळ याच्या उलट. दुपारपर्यंत उपाशी, मग साबुदाणा आणि बटाटा, म्हणजे आकडा आधी ८० आणि मग २८०. अशा झोक्याने सवयीची घंटा आणखी बिथरते. उपास करायचाच तर भगर कमी, दही, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा असं.

सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणाऱ्यांनी निदान आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटावं. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर चालणं आणि चैत्राचं ऊन, यात डोस बहुधा कमी करावा लागतो. वाटेवर जागोजागी सरबत मिळतं म्हणून गोळी तेवढीच ठेवू, हा हिशेब चुकतो. आणि बूट नवे घालू नका.

उन्हाळ्यात मीटर वेडंवाकडं दाखवतं.

मीटर नाही, पट्ट्या. बहुतेक पट्ट्या ३० डिग्रीच्या आत ठेवायच्या असतात. गाडीच्या डिकीत मे महिन्यात त्या भाजून निघतात. डबीचं झाकण उघडं राहिलं तरी खराब होतात. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. फ्रिज नसेल तर ओल्या वाळूवर मडकं ठेवून, आत कोरड्या डब्यात बाटली ठेवा. जुनीच युक्ती आहे, चालते.

एक गैरसमजही काढून टाकतो. एकाच वेळी दोन बोटांत १०८ आणि ११९ आले म्हणून मीटर बिघडलं असं नाही. शंभरच्या वर पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक मापात धरलेला असतो. मीटर दारोदारच्या तराजूसारखं आहे, सोनाराच्या काट्यासारखं नाही.

दंडावर चिकटवायचा, सतत साखर दाखवणारा सेन्सर लावू का?

परवडत असेल तर सुरुवातीचे दोन आठवडे उपयोगी. तो रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो आणि त्या कुशीवर झोपलात तर दबून खोटा कमी आकडा दाखवतो. रात्री भोंगा वाजला तर आधी बोट टोचा.

नंदुरबारकडचे आहोत, घरात सिकलसेल आहे. एचबीए१सी चांगला येतो, पण मीटर वेगळंच सांगतं.

हा प्रश्न विचारला हे फार बरं केलं. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेचं माप, आणि ते पेशी साधारण तीन-चार महिने जगतात हे धरून काढलेलं. सिकलसेलच्या आजारात पेशी लवकर मोडतात, त्यामुळे रिपोर्ट खऱ्यापेक्षा कमी येतो. लोहाची कमतरता असेल तर उलट, तो चढा येऊ शकतो. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत सिकलसेल बऱ्यापैकी आहे. तेव्हा डॉक्टरांना घरातली माहिती सांगा, आणि बोटाच्या साखरेवर किंवा फ्रुक्टोसामाईन (मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगणाऱ्या) तपासणीवर भर द्या. नुसत्या चांगल्या रिपोर्टवर विसंबून राहू नका.

आता थरथर बंद झाली. पण परवा ५८ आली आणि काहीच कळलं नाही!

ही थरथरीपेक्षा मोठी काळजी. साखर वारंवार ७० च्या खाली जात राहिली की घंटा उलट दिशेने सरकते, वाजायचीच बंद होते. बीपी किंवा हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल चालू असेल तर धडधड आणि कापरं झाकलं जातं, घाम तेवढा येतो. असं एकदा जरी झालं तरी पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, डोस कमी करावा लागेल. काही आठवडे साखर मुद्दाम थोडी वर ठेवली की घंटा बरेचदा परत येते.

आई ८१ वर्षांची आहे. तिचाही एचबीए१सी ७ च्या आत आणायचा का?

हट्ट धरू नका. एकटी राहणारी, कमी जेवणारी, किडनी मंदावलेली म्हातारी ८ च्या आसपास असली तरी बहुतेक डॉक्टर समाधानी असतात. अशा वयात लो होऊन पडली आणि खुब्याचं हाड मोडलं तर ते जास्त महागात पडतं. पहाटे ओली झालेली चोळी, सकाळी डोकं दुखणं, रात्री दचकून उठणं ही रात्रीच्या कमी साखरेची खूण असू शकते. एकदा पहाटे तीनला मोजून बघा.

मोटारसायकल, ट्रॅक्टर?

९० च्या वर असेल तरच चालवा. थरथर सुरू झाली की बाजूला लावा, आकडा नंतर बघू.

थोडी घेतली तर?

मोहाची असो की दुकानातली, दारू लिव्हरला साखर सोडू देत नाही. लो मध्यरात्री किंवा पहाटे होते आणि घरचे 'चढली असेल' म्हणून झोपू देतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडवर असाल तर रिकाम्या पोटी कधीच नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय दाखवू?

एक वही. 'कसंतरी होतं' यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. वेळ, काय वाटलं, आकडा, काय खाल्लं आणि परत मोजला तो आकडा, एवढं एका ओळीत पुरे. साखर नेमक्या कोणत्या वेळी पडते ते त्यावरून कळतं आणि त्याच वेळची गोळी बदलता येते. वही विसरत असाल तर गोळ्यांच्या पाकिटावर लिहा, ते तरी सोबत नेताच.

आप्पांची वही दूध डेअरीच्या जुन्या हिशेबाच्या मागच्या पानांवर आहे. पहिल्या पानावर शिसपेन्सिलीने लिहिलंय, "११.१०, हात कापले, १३१, ताक. ११.३०, १२६." सहा आठवड्यांनंतरच्या पानावर, "११, काही नाही, ११२." त्याच्या खाली, "१ वाजता भूक लागली."